स्की रिसॉर्टवरचा एक हंगाम: बर्फाआधी खोली आणि कामाचे तास पाहा

नाशिकच्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन त्या गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला काम करतात. परदेशातल्या एखाद्या स्की रिसॉर्टवर एक हंगाम काम करावे अशी त्यांची मनापासून इच्छा आहे, पण स्की येत नाही आणि बर्फ फक्त मनालीच्या सहलीत पाहिलेला आहे. एक एजंट ‘नोकरी आणि व्हिसा दोन्ही पक्के’ असे सांगून साडेतीन लाख रुपये मागतो आहे. घरच्यांचे म्हणणे असे की एवढे करून हातात काय उरणार, आणि परत आल्यावर पुढे काय.

मी शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात गेले आणि त्यानंतर बरेच हंगाम तिथल्या रिसॉर्टवर काढले. आधी स्की करणाऱ्यांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवर, मग स्की भाड्याने देणाऱ्या विभागात आणि शेवटी त्याच विभागासाठी नवीन माणसे निवडण्याच्या कामात होते. त्यामुळे अर्ज करणाऱ्याची बाजू आणि अर्ज वाचणाऱ्याची बाजू, दोन्ही मला ठाऊक आहेत. माझे मत आधीच सांगते: जरूर जा, पण रिसॉर्ट किती मोठा किंवा डोंगर किती देखणा यावर निर्णय घेऊ नका. राहायची जागा मालक देतो का आणि आठवड्याला किमान किती तास कामाची लेखी हमी आहे, या दोन गोष्टींवर तुमचा सगळा हंगाम उभा राहतो किंवा कोसळतो.

प्रथम देशाचा प्रश्न, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज आहेत. कॅनडातल्या व्हिस्लर किंवा बॅन्फला काम करणारी तरुण मुले व्हिडिओंतून दिसतात, पण त्यांतली बहुतेक त्या देशाशी तरुणांच्या देवाणघेवाणीचा करार असलेल्या देशांतली असतात. भारताचा कॅनडाशी तसा करार नाही. जपानच्या वर्किंग हॉलिडे, म्हणजे तरुणांना फिरता फिरता काम करू देणाऱ्या, योजनेतही भारत नाही. निसेको किंवा हाकुबाला जायचे तर ‘विशिष्ट कौशल्य’ वर्गाचा व्हिसा आहे आणि त्यात निवासव्यवस्था, म्हणजे हॉटेल, हे क्षेत्र येते, पण त्यासाठी जपानी भाषेची आणि त्या कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तो काही वर्षांचा मार्ग आहे, एका हंगामाचा नव्हे. अमेरिकेत जे-1 व्हिसावर इंटर्न म्हणून जाता येते, मात्र ती सोय शिकत असलेल्यांसाठी किंवा पदवी घेऊन बारा महिने उलटले नसतील अशांसाठी आहे. अनुभवी व्यक्तींसाठी ट्रेनी हा वेगळा प्रकार आहे आणि हॉटेल क्षेत्रात तो जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो. यजमान संस्थेला प्रशिक्षणाचा आराखडा द्यावा लागतो, त्यामुळे तुम्हाला नुसते लिफ्टवर उभे करता येत नाही.

तुमच्या वयाला आणि पदवीला सर्वांत सरळ मार्ग ऑस्ट्रेलियाचा आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या आर्थिक सहकार्य करारामुळे 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ हा 462 क्रमांकाचा व्हिसा खुला झाला. वर्षाला 1,000 जागा असतात आणि अर्ज करण्याची संधी सोडतीतून मिळते. पहिली सोडत 2024 साली झाली. सोडतीत नाव नोंदवण्याची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. नाव निघाले तरच व्हिसाचा अर्ज करता येतो, आणि त्या वेळी बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामचलाऊ इंग्रजीचा पुरावा आणि बँकेत पुरेशी शिल्लक दाखवावी लागते. या व्हिसावर तुम्ही पहिल्यांदा देशात पाऊल ठेवल्यापासून बारा महिने राहता येते, आणि एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच काम करता येते. स्कीच्या हंगामाला ही मर्यादा आड येत नाही, कारण तिथे हिवाळा आपल्या पावसाळ्यात येतो आणि हंगाम जूनच्या लाँग वीकेंडला सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो.

जागा हजार आणि इच्छुक कितीतरी पट, म्हणून सोडत लागेलच असे कोणीही सांगू शकत नाही. दुसरा मार्ग हाताशी असावा म्हणून फिनलंडचा विचार करा. तिथल्या कायद्याने पर्यटनातल्या हंगामी कामासाठी परदेशी कामगारांना परवाना मिळतो. लॅपलंडमधली लेवी आणि यल्लास ही मोठी ठिकाणे आहेत आणि तिथला हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत चालतो. फिनलंडमध्ये सर्वांना लागू असा कायदेशीर किमान वेतनाचा आकडा नाही. वेतन त्या क्षेत्रातले मालक आणि कामगार संघटना यांच्यातल्या सामूहिक करारावरून ठरते, म्हणून करारपत्रात कोणता सामूहिक करार लागू आहे ते लिहिलेले असले पाहिजे. लेवी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि नेमका तोच नाताळच्या गर्दीचा काळ असतो. दिवसभर काम, बाहेर अंधार आणि उणे पंचवीसच्या खाली जाऊ शकणारे तापमान हे सगळ्यांना झेपत नाही. ज्यांना घरीही नाशिकच्या पावसाळ्यातल्या आभाळाने उदास वाटते, त्यांना मी लॅपलंडचा पहिला हंगाम सुचवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ऑस्ट्रेलियातला बर्फ लहरी आहे. स्नोई पर्वतातल्या स्पेन्सर्स क्रीक या ठिकाणी 1954 पासून बर्फाची खोली मोजली जाते. 1981 साली ती सर्वाधिक 361 सेंटीमीटर भरली, तर 2006 साली संपूर्ण हंगामातला उच्चांक सुमारे 85 सेंटीमीटर होता. निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराचे वर्ष जसे आभाळावर अवलंबून असते तसेच रिसॉर्टचे असते. फरक एवढाच की इथे त्या नुकसानीतला वाटा कामगाराच्या रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, उतरतो. जूनमध्ये बहुधा नैसर्गिक बर्फ पातळ असतो आणि उतार यंत्राने बनवलेल्या बर्फावर चालतात. तो बनवायला हवेतली आर्द्रता धरून मोजलेले तापमान साधारण उणे 2 अंशांच्या खाली जावे लागते. तसे झाले नाही की दोन-तीनच लिफ्ट चालू राहतात, पाहुणे कमी येतात आणि चाळीस जणांच्या जागी पंधरा जणांना बोलावले जाते. मी नेमणुकांचे काम करीत असताना सर्वांत जास्त अश्रू पाहिले ते जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. कामाच्या जाचाने कोणी रडत नव्हते. काम मिळत नव्हते आणि खोलीभाडे मात्र चालूच होते.

म्हणून हिशेब तासांवर मांडा. 1 जुलै 2025 पासून ऑस्ट्रेलियातले राष्ट्रीय किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झाले, आणि कॅज्युअल, म्हणजे गरजेपुरते बोलावल्या जाणाऱ्या, कामगाराला रजा वगैरे नसल्यामुळे त्यावर 25 टक्के जास्त, म्हणजे ताशी सुमारे 31.19 डॉलर मिळतात. स्की रिसॉर्टसाठी ‘अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड’ हा स्वतंत्र वेतननियम आहे, त्यातला तुमच्या कामाचा दर जरूर पाहावा, पण अंदाजासाठी किमान आकडाच धरू. या व्हिसावरच्या कामगाराला पहिल्या 45,000 डॉलरपर्यंत 15 टक्के कर लागतो. आठवड्याला 30 तास मिळाले तर करानंतर सुमारे 795 डॉलर हातात येतात. खोली 250, जेवण 120 आणि बाकी 60, असा 430 डॉलरचा खर्च समजू. म्हणजे आठवड्याला 365 उरले. तास 20 झाले तर हातात 530 येतात, खर्च तोच राहतो आणि उरतात फक्त 100. दहा तासांच्या फरकाने शिल्लक एक-चतुर्थांशाच्या जवळ जाते. चौदा आठवड्यांचा हंगाम धरला तर पहिल्या परिस्थितीत पाच हजार डॉलरच्या थोडे वर आणि दुसऱ्या परिस्थितीत चौदाशे. दुसऱ्या रकमेतून तुमचे विमानाचे भाडेही सुटणे कठीण. एजंटला दिलेले साडेतीन लाख तर पहिल्या परिस्थितीतही पाण्यात जातात.

घरच्यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर यातच आहे. एक चांगला हंगाम स्वतःचा खर्च भागवतो आणि थोडी शिल्लक देतो. व्हिसा बारा महिन्यांचा असल्याने हंगामानंतरचे महिने दुसऱ्या शहरात काम केले तर ती शिल्लक वाढते. गल्फमध्ये जाऊन घरी पैसे पाठवण्यासारखे हे काम नव्हे, आणि कर्ज काढून तर याला मुळीच जाऊ नये.

खोलीचा मुद्दा यापेक्षाही आधी येतो, असे म्हटले तरी चालेल. पेरिशर आणि थ्रेडबो या दोन मोठ्या रिसॉर्टना सर्वांत जवळचे गाव जिंदाबाइन. तिथून वर जायला तीस-पस्तीस किलोमीटर. हंगामात त्या छोट्या गावात हजारो कामगार आणि पाहुणे एकदम उतरतात. मे महिन्याच्या शेवटी तिथे पोहोचून खोली शोधू असे ठरवलेल्या मुलांना मी बैठकीच्या खोलीतल्या गादीसाठी भाडे देताना पाहिले आहे. मालकाची कर्मचारी-वसाहत मिळत असेल तर ताशी दर दुसऱ्या ठिकाणापेक्षा थोडा कमी असला तरी तीच नोकरी घ्या. विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत: भाडे पगारातून कापले जाते का, अनामत किती, एका खोलीत किती जण, स्वयंपाकघर आहे का, वसाहत डोंगरावर आहे की गावात, गावात असेल तर कर्मचाऱ्यांची बस पहिल्या पाळीच्या वेळेला सुटते का, आणि नोकरी सोडली तर खोली किती दिवसांत रिकामी करावी लागते. व्हिक्टोरिया राज्यातल्या फॉल्स क्रीक आणि होथम इथे गाव डोंगरावरच आहे, तिथे रोजचा प्रवास वाचतो, मात्र किराणा महाग पडतो.

करारपत्रात ‘कॅज्युअल’ असा शब्द असेल तर तासांची हमी नाही असे समजा. हंगामी मुदतीचा करार आणि किमान तास लिहिलेले असतील तर तो कागद कॅज्युअलच्या जास्त दरापेक्षा मोलाचा आहे. मुलाखतीत हे विचारायला आपल्याकडची मुले संकोचतात, मालकाला वाईट वाटेल म्हणतात. मी अर्ज वाचत असताना जी व्यक्ती गेल्या वर्षी जूनमध्ये या पदावर सरासरी किती तास मिळाले असे शांतपणे विचारायची, तिच्याबद्दल माझे मत चांगलेच व्हायचे, कारण अशी माणसे जुलैत अचानक निघून जात नाहीत.

कामांपैकी तुमच्यासाठी दोन योग्य वाटतात. रिसॉर्टच्या हॉटेलातले फ्रंट ऑफिस तुम्हाला सहज मिळेल, तास त्यातल्या त्यात स्थिर असतात, आणि काम उबेत होते. पण पाळ्या अशा असतात की दिवसाउजेडी डोंगरावर जायला वेळ कमी मिळतो. स्की शिकायचे मनात असेल तर भाड्याने स्की देणारा विभाग माझ्या मते अधिक चांगला. तिथे सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीननंतर झुंबड असते आणि पाळ्या बऱ्याचदा त्याप्रमाणे तुटक लावतात, त्यामुळे मधले तीन-चार तास बर्फावर घालवता येतात. स्की येत नसणे या दोन्ही कामांना अडचण नाही. लिफ्टवरचे काम पहाटे फावड्याने चढण्या-उतरण्याची जागा सपाट करण्यापासून सुरू होते आणि वाऱ्यात उभे राहण्यात संपते. ज्यांना शरीरकष्ट आवडतात त्यांना ते फार आवडते. स्की शिकवण्यासाठी प्रमाणपत्र आणि वर्षांचा सराव लागतो, तो विषय पहिल्या हंगामाचा नव्हे. बारमध्ये काम करायचे असेल तर त्या राज्याचे मद्यविक्रीच्या जबाबदारीचे, म्हणजे आरएसए, प्रमाणपत्र लागते.

भाड्याच्या विभागातले काम बाहेरून बूट मोजून देण्याइतके सोपे दिसते, म्हणून त्यातली जोखीम जरा सांगते. बूट स्कीला ज्या बाइंडिंगने जोडलेला असतो, ते पडण्याच्या वेळी योग्य जोराला सुटले पाहिजे. तो जोर ठरवण्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्की करण्याची पद्धत, म्हणजे सावध, मध्यम की वेगवान, अशी माहिती घेऊन तक्त्यावरून आकडा काढतात. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते आणि ती पायाच्या मापावरून ओळखता येत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि पन्नाशी गाठलेल्यांसाठी तक्त्यातली एक ओळ वर, म्हणजे कमी जोराकडे, जातात. शनिवारी सकाळी ओल्या हातमोज्यांची रांग लागलेली असते, एखादी बाई आपले वजन पाच-सात किलो कमी सांगते, एखादा तरुण सोबतच्यांसमोर ‘मला उत्तम येते’ म्हणून वेगवान प्रकारावर खूण करतो. पहिल्या बाबतीत बाइंडिंग उतारावर नको तेव्हा सुटते. दुसऱ्या बाबतीत पाय पिळला जातो तरी सुटत नाही, आणि गुडघ्याचे अस्थिबंध तुटतात. तिथे घाई न करता, आवाज खाली ठेवून, हा आकडा तुमच्या हाडांसाठी आहे असे सांगून पुन्हा विचारणे हे खरे कौशल्य. फ्रंट ऑफिसला चिडलेल्या पाहुण्याशी बोलण्याची जी सवय तुम्हाला आहे तिचा उपयोग इथे होतो. अर्जात ‘उत्तम संवादकौशल्य’ असे लिहिण्याऐवजी हे उदाहरणासह लिहा.

थंडीबद्दल नाशिककरांना थोडा अभिमान असतो. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पण ती थंडी कोरडी असते आणि ऊन वर आले की ओसरते. ऑस्ट्रेलियन डोंगरांत तापमान शून्याच्या आसपास असताना पाऊस आणि बर्फ मिसळून पडतो, वारा सुटतो आणि माणूस आधी भिजतो व मग गारठतो. अंगालगत सुती कपडे अजिबात नकोत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट. बाहेरच्या कामाचे जाकीट-पँट बहुधा मालक देतो, पण बूट, थर्मल आणि हातमोज्यांचे दोन जोड तुम्हाला घ्यावे लागतात. दोनच का, तर एक वाळत असतो. बर्फावरून परावर्तित होणारे अतिनील किरण 80 टक्क्यांपर्यंत असू शकतात, त्यामुळे सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही हा समज सोडून द्या आणि ढगाळ दिवशीही गॉगल लावा. डोळ्यांची बर्फामुळे होणारी जळजळ दोन दिवस काम बंद पाडते.

विम्याचे कलम मात्र ओळ न ओळ वाचा. कामावर दुखापत झाली तर कामगार भरपाईची व्यवस्था लागू होते, पण सुटीच्या दिवशी स्की करताना गुडघा गेला तर ती लागू होत नाही. साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि घेतले असले तरी आखलेल्या उतारांबाहेरचे वगळलेले असू शकतात. हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च, शस्त्रक्रिया आणि मायदेशी परत आणणे या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या असाव्यात. आणि दोरी बांधून बंद केलेल्या उतारावर, सोबतचे कितीही आग्रह करोत, जाऊ नये.

एजंटचे म्हणाल तर ‘व्हिसा पक्का’ हे वाक्यच त्याला अपात्र ठरवते, कारण सोडत कोणाच्याही हातात नाही. शिवाय 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो आणि तो उमेदवाराकडून घेऊ शकणारे सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढ्यापुरते मर्यादित आहे. परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. साडेतीन लाखांची पावती कोणत्या नावाने देणार, असे त्याला लेखी विचारा. मोठे रिसॉर्ट आपापल्या संकेतस्थळावर थेट अर्ज घेतात आणि नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या जून हंगामाची भरती बहुतांशी वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत होते, म्हणजे व्हिसा त्याआधी हातात असला तर तुमचा अर्ज वर राहतो.

या महिन्यात करण्यासारखी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. सोडतीच्या नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागते. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते, दुसऱ्यावर नसते, तिसऱ्यावर आडनाव आधी येते. दोन्हींवरचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का ते पाहा, नसेल तर दुरुस्ती आताच करून घ्या, कारण नोंदणीची मुदत थोड्याच अवधीत संपते. त्यानंतर हिवाळ्यात सुटी मिळाली तर औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे, गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे प्राथमिक स्की शिबिर करा. नोकरीसाठी त्याची अट नाही. पण रोज आठ तास बर्फाच्या सहवासात राहणे आपल्याला मानवते का, याचे उत्तर तिकीट काढण्याआधी आणि फार कमी पैशांत मिळते. हरिहर किंवा अंजनेरीला तुम्ही जात असाल तर पायांची ताकद आहेच. घोट्यांचा आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र वाढवा.

सामान भरताना आईने दिलेला गोडा मसाला आणि लोणचे न्यायला हरकत नाही असे गृहीत धरू नका. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवासी पत्रकावर सगळे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतील, लपवलेल्या पदार्थासाठी दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात करक्रमांक, म्हणजे टीएफएन, काढा, नाहीतर पगारातून जास्त दराने कर कापला जातो. मालक वेतनावर 12 टक्के निवृत्तिनिधीही भरतो. देश कायमचा सोडल्यावर तो परत मागता येतो, पण या व्हिसाधारकांना त्यावर 65 टक्के कर लागतो, म्हणून ती रक्कम वरच्या हिशेबात मी मुद्दामच धरलेली नाही. प्रत्येक आठवड्याचे तास स्वतःच्या वहीत लिहून पगारपत्रकाशी जुळवत जा. तफावत आढळली तर आधी विभागप्रमुखाला लेखी कळवा, आणि तरीही सुटले नाही तर फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाकडे परदेशी कामगारालाही विनामूल्य तक्रार करता येते.